भागीतला भात

गाडी सुटायच्या बेतात असताना माझ्या वडिलांनी, आप्पांनी, खिडकीच्या गजांतून हात घालून माझी पिशवी पुन्हा चाचपली. वंशावळीचा कागद आत आहे ना, याची ही तिसरी तपासणी. "नाव घेऊनच ये," ते म्हणाले. मी म्हटलं, "आप्पा, मी मुळशीला चाललेय, भाजीबाजारात नाही." गाडी हलली आणि मला लगेच वाईट वाटलं. माझं तोंड हे असंच आहे, माझ्या आधी निघतं.

गोष्ट २००३ च्या मे महिन्यातली. आम्ही राहणारे भुसावळचे, पण मूळचे मुळशी खोऱ्यातल्या पाचवणे गावचे. ते गाव १९२०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याच सुमारास आप्पांचे वडील महादू, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते रेल्वेत गँगमन म्हणून लागले. आधी लोणावळ्याच्या घाटात, मग बदलीवर भुसावळला, आणि तिथेच रुजले. त्या वर्षी आमच्या कुळातल्या चार शाखांनी मिळून कुलवृत्तांताचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. आमच्या शाखेचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पोस्टात नोकरीला, त्यामुळे हिला कुणाचाही पत्ता सापडतो असा सगळ्यांचा समज. पुरुषांची नावं सात पिढ्यांपर्यंत मिळाली. आप्पांच्या आजीच्या, म्हणजे दादांच्या आईच्या जागी मात्र नुसती रेघ होती.

तिच्याबद्दल घरात एकच गोष्ट होती आणि ती दादांनी सांगितलेली. पाणी चढायला लागलं, सगळं गाव उठलं, पण ती उंबऱ्यावर बसून राहिली आणि गावाबरोबर बुडाली. ही गोष्ट मी शाळेत निबंधात लिहिली होती आणि बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली होती. पुस्तकाच्या कच्च्या प्रतीत मी तिला अख्खं पान दिलं होतं, वर 'जलसमाधी' असा ठसठशीत मथळा. फक्त नाव नव्हतं. दादांना कुणी नाव विचारलं की ते चपला घालून बाहेर पडायचे, असं आप्पा सांगत. दादांच्या पत्र्याच्या ट्रंकेत शोधलं तर रेल्वेचे जुने पास निघाले, भुसावळ ते लोणावळा, एकही वापरलेला नव्हता. मी ते बिनकामाचे म्हणून बाजूला टाकले.

पितृपक्षात आप्पांची दर वर्षी पंचाईत व्हायची. गुरुजी म्हणाले, नाव माहीत नसेल तर गंगा म्हणा. आप्पा भडकले. "जिला पाण्याने नेलं तिला गंगा म्हणू?" पण दुसरं काहीच हाताशी नसल्याने तेच म्हणत आले. आता ते सत्याहत्तरचे होते, छातीचं दुखणं मागे लागलं होतं, आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेता घेता विचारायचे, "लागलं का नाव?" छापखान्याने सोमवारची मुदत दिली होती. मी गुरुवार ते शनिवार रजा टाकली.

गुरुवार : भूगाव आणि पौड

भूगावला माझा मावसभाऊ संजय राहतो, चौथ्या मजल्यावर. त्याच्या सोसायटीत लातूरचे, नागपूरचे, सांगलीचे लोक आहेत, भूगावचा एकही नाही. गॅलरीतून समोरची टेकडी दिसते, तिला अर्ध्यातून कापून प्लॉट पाडायचं काम चाललं होतं. संजय म्हणाला, "ताई, कशाला उन्हात फिरतेस, नेटवर टाक ना. फॅमिली ट्रीच्या साइट्स असतात आता." मी म्हटलं, "तिथे आधी पिनकोड विचारतील. बुडालेल्या गावाला पिनकोड नसतो." तो हसला आणि ऑफिसला गेला. मी त्याच्या बायकोने पुढ्यात ठेवलेले पोहे उभ्या उभ्याच संपवले.

पौडला कचेरीत जुने कागद बघायला मिळाले. तिथला कारकून भला माणूस निघाला. धूळ खाल्लेलं बाड त्याने स्वतः खाली काढलं, फडक्याने पुसलं, मोडी वाचून दाखवली. गोविंदा सापडला, माझा पणजोबा. त्याचा बाप सापडला. जमीन किती, बैल किती, सगळं होतं. मी विचारलं, "आणि बायको?" त्याने चष्मा कपाळावर चढवला. "बाई, सातबाऱ्यावर बायका फार उशिरा आल्या. बैलांच्याही नंतर." तो थट्टेने म्हणाला असेल, पण मला हसू आलं नाही. मी आभार मानायचंही विसरून बाहेर आले आणि स्टँडवर उसाचा रस पिताना ते आठवून चरफडले.

शुक्रवार : पाचवणे, खालचं आणि वरचं

एसटीने धरणाच्या काठाकाठाने तासभर. पाणी खूप खाली गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या उतारांवर तांबडे पट्टे उमटले होते. कंडक्टरने मला एका वळणावर उतरवलं आणि वर बोट दाखवलं. पाणी आल्यावर जे लोक खोरं सोडून गेले नाहीत ते डोंगराच्या अंगाला वर सरकले, आणि गावाचं नावही बरोबर घेऊन गेले. वीसेक घरांचं हे वरचं पाचवणे.

पहिल्याच घरापुढे मांडव घालणं चाललं होतं. पन्नाशीचा एक माणूस खांद्यावर लाकडी मेढ घेऊन उभा होता. त्याचं नाव दगडू. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं लग्न होतं. मी कोण, कशाला आले, हे घाईघाईने सांगितलं तेव्हा त्याने मेढ खाली ठेवली.

"मंग आमच्या आईला ईचारा की. घरातच हाय. लई जुनी हाय ती."

"नंतर विचारते. आधी गाव बघते. ऊन वाढेल."

"गाव कुटं पळतंय? च्या तरी घ्या, ताई."

पण मी उताराला लागलेसुद्धा होते. आज लिहिताना मला माझीच लाज वाटते. शंभर पावलांवर एक म्हातारी बसली होती, आणि मी दगडांकडे चालले होते.

खालचं पाचवणे म्हणजे भेगाळलेला गाळ आणि त्यातून डोकं काढलेली जोती. एका ठिकाणी जात्याची फुटकी तळी पालथी पडली होती. देवळाचा चौथरा शाबूत होता, त्यावर चार बगळे. मी एकेका जोत्यावर चढून उंबरा शोधत होते. दगडावर काही कोरलेलं असेल, नाव असेल, निदान एखादी खूण असेल, असं मला का वाटत होतं कोण जाणे. शेवटी एक उंबरा सापडला. कुणाचा ते ठाऊक नव्हतं, पण मी ठरवून टाकलं की हाच आपला. तिच्यासारखी त्यावर बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, उलट चीड आली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, उन्हाने डोकं भणभणत होतं, आणि समोर नुसतं पाणी, गुपचूप. तिरीमिरीत उठले आणि काठाकडे दोन पावलं टाकली तर उजवा पाय गुडघ्यापर्यंत गाळात. पाय निघाला, चप्पल राहिली.

एका चपलेवर डोंगर चढून आले तेव्हा मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दगडूची आई, तान्हाबाई, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मतदार कार्डावर तिचं वय ऐंशी होतं, ती म्हणायची त्याहून जास्तच. तिने मला पाय धुवायला पाणी दिलं आणि सरळ पुढ्यात ताट ठेवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कच्चा कांदा, वाटीत करवंदं. आमच्या खानदेशात कळण्याची भाकरी आणि तेलाचा तवंग आलेली झणझणीत भाजी असली की जेवण झालं असं वाटतं. इथे तेल जेमतेम, पण सुकटीत आमसूल घातलेलं, आणि भाकरी इतकी मऊ की मी तीन खाल्ल्या. सुकट आमच्या घरात चालत नाही, हे तिसऱ्या भाकरीला आठवलं.

मग मी कागद काढला. "आजी, पाणी आलं तेव्हा आमची पणजी इथे बुडाली. उंबऱ्यावर बसून राहिली होती. तिचं नाव हवंय."

तान्हाबाईने सूप खाली ठेवलं. "बुडून? हितं बुडून कोनी मेलं न्हाई."

"नाही आजी, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

"आगं, येक म्हस तेवडी गेली. ती बी लंगडी व्हती."

"म्हशीचं नाही विचारत मी. माणसाचं विचारतेय."

"तेच सांगतुया. म्हस गेली, मानूस न्हाई. माज्या सासऱ्यानं सवता समदी वर आनली, म्हाताऱ्या पाठीवर घेऊन."

मी ऐकेना. तुम्ही तेव्हा या गावात आलाच नव्हता, तुम्हाला काय माहीत, असंही बोलून गेले. ऐंशी वर्षांच्या बाईशी तिच्याच ओट्यावर बसून, तिचीच भाकरी खाऊन मी भांडत होते. तिने सूप उचललं आणि परत तांदूळ निवडू लागली. मी रागाने कागद पिशवीत कोंबले आणि एसटी गाठायला उतरले, तर वळणावर पोचेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली. परत वर. पायात दगडूच्या बायकोच्या चपला. त्या घरात कुणीही मला एका शब्दाने टोचलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

शनिवार : मांडव

सकाळी जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. ओढ्याशी सात-आठ बायका गावकीची भांडी घासत होत्या. ही भांडी कुणा एकाची नसतात. पाचवण्यात घरातलं माणूस गेलं की ऐपतीप्रमाणे त्याच्या नावाने गावाला एक भांडं द्यायची रीत, कुणी परात, कुणी घागर, कुणी पळी. लग्नकार्यात ती सगळी बाहेर निघतात. आमच्याकडे लग्नात केटररचा टेम्पो येतो आणि भांडी मोजून परत घेऊन जातो. इथे प्रत्येक भांड्याला ते ज्याने दिलं त्याचं नाव पडलेलं. बायका एकमेकींना सांगत होत्या, "ती सखू हिकडं टाक," आणि सखू म्हणजे एक पोचे आलेली परात.

मला रिकामं बसवत नाही. पुण्याची गाडी दुपारी होती, नाव मिळालं नव्हतं, आणि सोमवार डोक्यावर बसला होता. मी पदर खोचून ओढ्यात उतरले. तान्हाबाई काठावरच्या दगडावर बसून देखरेख करत होती. कालचं काहीच झालं नाही अशा आवाजात ती म्हणाली, "हिला भागी द्या गं. लई घाई हाय तिला, मोठं काम करू द्या."

चौघींनी माझ्या पुढ्यात एक तांब्याचं तपेलं गडगडत आणून ठेवलं. माझ्या कमरेएवढं उंच, बाहेरून काजळीने काळंकुट्ट. चिंच आणि राख घेऊन मी लागले घासायला. राग होताच, तो सगळा तपेल्यावर काढला. काठाखाली हातभर जागा लाल झाली तेव्हा बोटांना काहीतरी खरखरलं. ठिपक्याठिपक्यांनी घातलेली अक्षरं होती. मी पाणी ओतलं आणि मोठ्याने वाचत गेले.

"कैलासवासी म्हादू गोविंदा याचे स्मरणार्थ आई भागूबाई हिने मौजे पाचवणे गावास दिले."

मी पुन्हा वाचलं. मग कागद आणायला धावले, जणू काही कागदावर वेगळं निघणार होतं. महादू, बापाचं नाव गोविंदा. आमचे दादा.

"आजी, हा म्हादू कोण?"

"भागूबाईचा ल्योक. रेल्वईत ग्येला व्हता, लोनावळ्याकडं." तान्हाबाईने हाताने डोंगरापलीकडे दाखवलं. "ती आमच्या गोठ्याशेजारच्या खोपीत ऱ्हायची. समद्यास्नी सांगायची, म्हादू यील, मला न्हील. दर साली नवा भात निघाला की पायलीभर त्याच्या नावानं बाजूला ठिवायची. आंबेमोहोर. वाट बघून बघून मंग कोनीतरी म्हनलं, घाटात दरड पडून गँगवाली मानसं मेली. तवा तिनं धरलं, त्यात ग्येला आसंल. पाटल्या मोडल्या, पुन्याच्या तांबटाकडनं ही भागी आनली, आन गावाला त्याचं तेरावं घातलं. मी नवी नवरी व्हते, धा वर्साची. ह्या गावात आल्यावर भागीतलं पैलं जेवान जेवले, ते त्येच."

मी ओढ्यात उभी राहून हिशेब घातला. तान्हाबाई दहा वर्षांची, म्हणजे आप्पा सात वर्षांचे. दुसरीत असतील. दादा रोज त्यांना सायकलवरून शाळेत सोडायचे, हे आप्पा अजून सांगतात. त्याच दादांचं तेरावं इथे सगळं गाव जेवलं होतं.

"आणि भागूबाई कधी गेली?"

"लई जगली. ह्यो दगडू झाला त्याच्या आदल्या साली ग्येली."

दगडू पन्नास वर्षांचा. म्हणजे आप्पा रेल्वेत नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. त्यांची आजी जिवंत होती, इथे, या ओढ्याकाठी, आणि ते भुसावळला तिच्या नावाची रेघ ओढत होते.

मी तान्हाबाईला सांगितलं. तो मेला नव्हता, आजी. म्हातारा होऊन मेला, मी आठ वर्षांची होते तेव्हा. बायकांचे हात थांबले. तान्हाबाईने दगडावरून वाकून तपेल्याच्या काठावर हात ठेवला.

"मंग त्यो आला कशापाई न्हाई?"

मी पोस्टात काम करते. एक पत्र टाकायला काय लागतं हे मला सगळ्यांत जास्त ठाऊक आहे. मी वाकून उरलेलं तपेलं घासलं, आणि आदल्या दिवशी उंबऱ्यावर जे रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं. कुणी थांबवलं नाही. एकीने फक्त माझ्या हातातली राख संपली म्हणून आणखी दिली.

दुपारी लग्न लागलं. मी गाडी सोडली, घाई करण्यासारखं आता काय राहिलं होतं. भागीत भात शिजला, वर वरण, वांग्या-बटाट्याची रस्सा भाजी, बुंदी. पहिल्या पंगतीला तान्हाबाईने मला हाताला धरून बसवलं आणि वाढप्याच्या हातातलं ताट घेऊन स्वतः भात वाढला. "घे, पोरी. तुज्या घरचा हाय."

निघताना दगडू म्हणाला, "भागी न्यायची तर न्या, ताई. तुमचीच हाय." मी नको म्हटलं. तो लगेच हसला, त्याला हायसं वाटलेलं दिसलं. दोन दिवसांनी खालच्या आळीत आणखी एक लग्न होतं.

रविवार : भुसावळ

आप्पा फाटकाशी उभे होते. मी चपला बदलून आले हे त्यांनी पहिलं पाहिलं. गाडीत मी सगळं कसं सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, थोडं झाकून, थोडं गुळमुळीत. पण त्यांनी चहाचा कप हातात घेऊन "लागलं का नाव?" विचारलं, आणि मी सगळं होतं तसं सांगून टाकलं.

चहावर साय धरली. मग त्यांनी उठून दादांची ट्रंक ओढली आणि मी बाजूला टाकलेले ते पास काढून मांडीवर घेतले.

"दर वर्षी पास काढायचे," ते म्हणाले. "आई डबा बांधून द्यायची. मीही जायचो स्टेशनापर्यंत. गाडी यायची, जायची, दादा बाकावरच. मग म्हणायचे, चल, डबा घरी जाऊन खाऊ." ते पासांच्या कडा नीट लावत राहिले. "ती बुडाली होती, तर हा माणूस दर वर्षी कुणाला भेटायला निघायचा? हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. मोठा झालो, मलाही रेल्वेचा पास मिळायला लागला. मीही कधी जाऊन बघितलं नाही."

मी कच्ची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी 'जलसमाधी' खोडलं आणि मला पेन दिलं. "लिही. भागूबाई गोविंदा. बुडाल्या नाहीत. मुलगा येईल म्हणून वरच्या पाचवण्यात थांबल्या."

मी लिहिलं. मग हात अडला. पुस्तक चार शाखांच्या घरोघरी जाणार होतं.

"पुढे?" मी विचारलं.

"जे झालं ते."

मी लिहिलं, 'दादांनी तिकडे कधी जाऊन बघितलं नाही.' आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं, 'दादांनी' वर काट मारली आणि वर लिहिलं, 'आम्ही'.